डाव्या-उजव्याचा हिशेब: एका बॉक्सर इंजिनाच्या थ्रॉटल बॉडी घरी जुळवताना

प्रस्तुत प्रकरण बीएमडब्ल्यू आर ११५० जीएस या मोटारसायकलचे आहे. गाडी २००१ ची असून माझ्याकडे आली तेव्हा ८२,००० किलोमीटर चाललेली होती. ती माझ्या एका मित्राची. तो मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त गेली काही वर्षे श्टुटगार्टजवळच्या एका गावात राहतो. त्याच्या इमारतीत गाड्या तळघरात लावतात आणि तिथे इंजिन चालू ठेवून काम करण्याचा प्रश्नच येत नाही. माझ्या भाड्याच्या घराला मात्र स्वतंत्र गॅरेज आणि त्यापुढे थोडी फरसबंद जागा आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आले.

त्याच्या तक्रारी तीन होत्या. इंजिन तापल्यावर सिग्नलला आयडलिंग (मूठ न पिळता इंजिनाचे नुसते चालू राहणे) कधी मिनिटाला १,४०० फेऱ्यांवर अडकून राही, तर कधी ९०० पर्यंत घसरून गाडी बंद पडे. ताशी ६० ते ८० किलोमीटरच्या स्थिर वेगात, मूठ न हलवताही, गाडी हलके हलके पुढे-मागे धक्के घेत असे. आणि ३,००० फेऱ्यांच्या पुढे हँडलमध्ये इतकी थरथर येई की आरशातली मागची गाडी ओळखता येत नसे. एका कार्यशाळेत आठ महिन्यांत दोनदा थ्रॉटल बॉडींचा, म्हणजे चकती उघडून-मिटवून सिलिंडरमध्ये जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागांचा, समतोल करून घेतला होता. दोन्ही वेळा गाडी घरी येईपर्यंत छान चालली आणि आठवड्याभरात मूळ पदावर आली. मित्राने यावरून थ्रॉटल बॉडी झिजल्याचा निष्कर्ष काढला होता आणि जुन्या बाजारात दुसरा संच शोधायला सुरुवातही केली होती. मला खटकले ते वेगळेच: झिजलेली वस्तू कायम झिजलेलीच राहते, ती दुरुस्तीनंतर आठवडाभर बरी होऊन पुन्हा बिघडत नाही.

या इंजिनात हा समतोल इतका महत्त्वाचा का ठरतो, हे आधी पाहिले पाहिजे. १९९३ च्या आर ११०० आरएसपासून सुरू झालेल्या या तेल-हवेने थंड होणाऱ्या बॉक्सर मालिकेत दोन सिलिंडर एकमेकांच्या विरुद्ध दिशांना आडवे पसरलेले असतात आणि प्रत्येकाला स्वतःची थ्रॉटल बॉडी असते. आर ११५० मध्ये सिलिंडरचा व्यास १०१ मिलिमीटर, दट्ट्याची चाल ७०.५ मिलिमीटर, म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ५६५ घनसेंटिमीटर. आपल्याकडच्या बहुतेक समांतर दोन सिलिंडरच्या गाड्यांमध्ये दोन्ही थ्रॉटल शेजारी शेजारी असतात आणि छोट्या दुव्याने जोडलेले असतात. बॉक्सरमध्ये त्यांच्यामध्ये अख्खे इंजिन आडवे असल्याने दोघांना एकत्र हलवण्याचे काम फक्त केबलवर पडते. मुठीकडून एक केबल टाकीखालच्या एका छोट्या काळ्या डबीत येते, आतल्या तुकड्याला ओढते आणि त्या तुकड्याला अडकवलेल्या दोन केबल डावीकडे आणि उजवीकडे जातात. या दोघींपैकी एकीने दुसरीपेक्षा केसभर आधी चकती उघडली, तरी थ्रॉटल जवळजवळ बंद असताना त्या केसभराचा अर्थ मोठा होतो, कारण मुळात हवा जायला फटच तेवढी असते. थ्रॉटल अर्धा उघडल्यावर तोच फरक नगण्य ठरतो. म्हणून अशी गाडी महामार्गावर जोरात पळवली की निमूट चालते आणि गावात त्रास देते.

याहून महत्त्वाची गोष्ट इंधनाची आहे. या गाडीची मोट्रॉनिक प्रणाली, म्हणजे इंधन सोडण्याचे काम सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक मेंदू, आत जाणारी हवा मोजत नाही. थ्रॉटल किती उघडला आहे आणि इंजिन किती फेरे घेत आहे, यावरून ती इंधनाचा अंदाज बांधते, आणि थ्रॉटलचा कोन सांगणारा सेन्सर फक्त डाव्या बाजूला आहे. उजवा थ्रॉटल काय करतो हे तिला कळतच नाही. डावीकडे जितके इंधन, तितकेच उजवीकडे. त्यामुळे उजवी चकती डावीपेक्षा जास्त उघडी राहिली, तर उजव्या सिलिंडरमध्ये हवा जास्त आणि पेट्रोल तेवढेच, म्हणजे मिश्रण पातळ. पुढे दोन्ही सिलिंडरांचा धूर एका ठिकाणी येतो आणि तिथे बसवलेला एकुलता एक लॅम्बडा सेन्सर, जो धुरातला ऑक्सिजन पाहतो, दोघांची सरासरी वाचतो. सरासरी पातळ दिसली की प्रणाली दोन्हीकडे पेट्रोल वाढवते. परिणाम असा की उजवा सिलिंडर थोडासा सुधारतो आणि बिचारा डावा, ज्याचा काही दोष नव्हता, तो काजळी धरू लागतो. या गाडीचे स्पार्क प्लग काढले तेव्हा नेमके हेच दिसले: डावा काळपट, कोरड्या काजळीचा, उजवा पांढुरका. पाने हाती घेण्याआधी मिळालेला हा सर्वांत बोलका पुरावा होता.

समतोलाच्या कामात सर्वांत मोठी चूक म्हणजे समतोलानेच सुरुवात करणे. दोन सिलिंडर सारखे श्वास घेत आहेत की नाही हे नळ्या लावून पाहण्याआधी, ते सारखे श्वास घेऊ शकतील अशा स्थितीत आहेत का, हे पाहावे लागते. व्हॉल्व्हचा गॅप इंजिन पूर्ण थंड असताना तपासला. या गाडीत इनटेकला ०.१५ आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर लागतो. प्रत्येक बाजूला चार व्हॉल्व्ह असल्याने एकाच जाडीच्या दोन फीलर पट्ट्या (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) जोडीने दोन्ही व्हॉल्व्हखाली घालून पाहणे बरे, कारण एकच पट्टी घातली की व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर किंचित कलतो आणि माप फसवते. उजवी बाजू बरोबर होती. डाव्या एक्झॉस्टची जोडी ०.२० वर आली होती, ती ०.३० वर आणली. एअर फिल्टर स्वच्छ होता. थ्रॉटलच्या दांड्या बोटांनी वरखाली हलवून पाहिल्या, तर खेळ जवळजवळ नव्हता, त्यामुळे झिजेची शंका इथेच बरीचशी मावळली. इनटेकच्या जोडांवर, इंजिन चालू असताना, पाण्याचा बारीक फवारा मारून पाहिला. फेऱ्यांमध्ये फरक पडला नाही, म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नव्हती. या कामासाठी काही जण ज्वालाग्राही स्प्रे वापरतात. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी तो प्रकार मला मान्य नाही.

नंतर आयडलिंगचे बायपास स्क्रू काढले. प्रत्येक थ्रॉटल बॉडीवर एक जाड पितळी स्क्रू असतो. चकती पूर्ण मिटलेली असताना तिला वळसा घालून जी थोडी हवा आत जाते, तिचे प्रमाण तो ठरवतो. काढण्यापूर्वी प्रत्येक स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन किती फेरे लागले ते लिहून ठेवले. उजवीकडे सव्वा फेरा, डावीकडे पावणेतीन. साधारणपणे दोन्ही दीड फेऱ्याच्या आसपास असतात आणि एकमेकांपासून पाव-अर्ध्या फेऱ्याहून दूर जात नाहीत. कार्यशाळेतल्या माणसाने डावा स्क्रू एवढा का उघडला असेल? उघडच आहे, त्याच्या यंत्रावर त्या क्षणी उजवी बाजू जास्त हवा घेताना दिसली असणार आणि तिच्याशी बरोबरी साधायला त्याने डावीला वाट करून दिली असणार. त्याच्या मोजमापावर शंका घ्यायचे कारण मला दिसेना. प्रश्न एवढाच उरला की ती जास्तीची हवा उजवीकडून कुठून जात होती, आणि ती नेहमी जात होती का.

स्क्रू कार्ब्युरेटर क्लीनरने धुतले, जागा पुसल्या, ओ-रिंग नव्या घातल्या आणि दोन्ही दीड फेऱ्यावर ठेवले. थ्रॉटल बंद होताना ज्यावर टेकतो तो थांब्याचा स्क्रू दोन्हीकडे कारखान्यातल्या रंगाच्या ठिपक्यासह शाबूत होता. त्याला कोणी हात लावला नव्हता आणि मीही लावला नाही. सेन्सरची शून्य स्थिती आणि चकतीचा मिटण्याचा कोन त्यावर अवलंबून असतो, आणि एकदा तो फिरवला की मूळ जागा सांगणारे घरात कोणतेही साधन नसते.

आता मोजण्याचे साधन. मित्राने इंटरनेटवरून घड्याळासारख्या दोन तबकड्यांचा व्हॅक्यूम गेजचा स्वस्त संच मागवला होता. इंजिन तापवून तो जोडला, तर डावीकडे काटा उजवीपेक्षा स्पष्ट वर. मित्र म्हणाला, “बघ, डावी बाजू गेलेली आहे.” मी इंजिन बंद केले, दोन्ही नळ्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा चालू केले. आता उजवी बाजू वर! काट्यांतला फरक सिलिंडरबरोबर राहिला नाही, गेजबरोबर गेला; म्हणजे दिसत होता तो इंजिनाचा असमतोल नसून दोन तबकड्यांच्या कारागिरीतला फरक होता. अदलाबदलीला दोन मिनिटे लागतात. ती न करता स्क्रू फिरवायला बसलेला माणूस गेजच्या चुका इंजिनात भरत असतो. संच डब्यात परत गेला.

खरे तर आपल्याला कोणत्याही एका बाजूचा दाब किती, हे जाणून घ्यायचेच नसते. दोन्हींतला फरक हवा असतो, आणि फरक मोजायला एक साधी यू आकाराची नळी पुरते, जिला कॅलिब्रेशनची गरजच नाही, कारण दोन्ही बाजूंना एकच द्रव आणि एकच गुरुत्वाकर्षण काम करते. १६४३ साली तोरिचेल्लीने पाऱ्याचा स्तंभ उभा केला तेव्हा हवेचा पूर्ण दाब मोजायला ७६० मिलिमीटर पारा लागला. पाण्याने तेच मोजायचे तर दहा मीटरहून उंच नळी लागते. इनटेकमधली पोकळी वातावरणाच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी धरली तरी पाण्याचा स्तंभ साडेतीन मीटर चढेल, म्हणजे आमच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावरून वाचावा लागेल. नळीची दोन्ही टोके मात्र दोन सिलिंडरांना जोडली की ही दोन साडेतीन मीटरची ओढ एकमेकींना खोडून काढते आणि उरतो तो फक्त फरक, जो सेंटिमीटरमध्ये मावतो.

दीड मीटर लांबीची लाकडी फळी, मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेली आत चार मिलिमीटर व्यासाची पारदर्शक नळी, दोन छोटे मत्स्यालयाचे व्हॉल्व्ह, शिवणकामाची मापपट्टी आणि लाल रंगाचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल, एवढ्यात मॅनोमीटर, म्हणजे दाबातला फरक दाखवणारी नळी, तयार झाला. तेल का, पाणी का नाही? फरक फार मोठा असला तर द्रव एखाद्या बाजूने खेचला जाऊन थेट सिलिंडरमध्ये जातो. तेल गेले तर थोडा निळा धूर निघून विषय संपतो. पाऱ्याचे जुने मॅनोमीटर अजूनही काही ठिकाणी दिसतात. त्याची वाफ विषारी असते आणि तो घरात आणू नये. सगळे तेल आत गेले तरी सिलिंडर द्रवाने अडून बसेल का, हे मात्र मी आधी हिशेबाने पाहिले. चार मिलिमीटर व्यासाच्या नळीत एका मीटरला साडेबारा मिलिलिटर द्रव मावतो. मी भरला दीड मीटर, म्हणजे एकोणीस मिलिलिटर. या इंजिनाचे कॉम्प्रेशन प्रमाण (दट्ट्या खाली असतानाची जागा वर असतानाच्या जागेच्या किती पट) १०.३ आहे, त्यावरून दट्ट्या सर्वांत वर असताना शिल्लक राहणारी जागा येते सुमारे साठ घनसेंटिमीटर. जागा द्रवाच्या तिप्पट आहे. जाड नळी किंवा लहान इंजिन घेणाऱ्याने हाच गुणाकार स्वतःच्या आकड्यांनी करावा, माझ्या आकड्यांवर विसंबू नये.

व्हॉल्व्हचे काम निराळे आहे. १,१०० फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ५५० वेळा हवा ओढतो, म्हणजे सेकंदाला नऊ वेळा, आणि दोघे आलटून पालटून ओढतात. उघड्या नळीत तेल इतके नाचते की वाचता येत नाही. दोन्ही बाजूंना वाट सारखीच अरुंद केली की हे हेलकावे मरतात आणि सरासरी तेवढी शिल्लक राहते. वाट एका बाजूला जास्त अरुंद झाली तर वाचन तिरके होऊ शकते, म्हणून इथेही नळ्यांची अदलाबदल करून पाहायची. मी केली, तेलाचा कल सिलिंडरबरोबरच राहिला. आता साधनावर भरवसा ठेवायला हरकत नव्हती.

काम शनिवारी सकाळी केले, कारण जर्मनीत रविवारी इंजिन गुरगुरत ठेवले तर शेजारधर्म टिकत नाही. आधी गाडी पंधरा किलोमीटर फिरवून आणली, मग गॅरेजबाहेर उघड्यावर उभी केली आणि पुढे मोठा पंखा लावला. हे इंजिन वाऱ्यानेच थंड होते; उभ्या गाडीत वारा नसतो, आणि बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. डॅशबोर्डवर तेलाच्या तापमानाच्या पाच कांड्या दिसेपर्यंत थांबलो, आणि पुढे सहावी दिसली की इंजिन बंद करून दहा मिनिटे चहा, असा नियम ठेवला.

पहिल्या वाचनात डाव्या बाजूचा स्तंभ उजव्यापेक्षा एकोणीस सेंटिमीटर वर होता. ज्या बाजूला ओढ जास्त, तिकडे तेल चढते, आणि ओढ जास्त असते ती ज्या बाजूचा थ्रॉटल जास्त मिटलेला असतो तिकडे. म्हणजे उजवीकडे हवा जास्त जात होती; प्लगने सांगितले तेच. गिअरबॉक्सचे तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने बारा सेंटिमीटरचा फरक सुमारे दहा मिलीबार होतो. आमचा फरक सोळा मिलीबारचा.

इथे मित्राचा हात पितळी स्क्रूकडे गेला. मी म्हणालो, “थांब, आधी रेस दे आणि सोड.” त्याने मूठ थोडी पिळून सोडली. तेल नाचले, स्थिरावले: फरक चार सेंटिमीटर. पुन्हा: पाच. पुन्हा: एकवीस. आम्ही दहा वेळा असे केले आणि वहीत ओळीने लिहिले: ४, ५, २१, ४, १८, २०, ५, ४, २२, १९. या दहा आकड्यांची सरासरी काढणे हा मूर्खपणा ठरला असता, कारण ते एका किंमतीभोवती विखुरलेले नव्हते. ते दोन गटांत पडले होते, एक चार-पाचचा आणि एक वीसच्या आसपासचा, आणि मधे काहीच नव्हते. ज्या गोष्टीला दोन ठाम जागा असतात ती बिघडलेली जुळणी नसते. कुठेतरी काहीतरी अडकते आणि सुटते. हँडल पूर्ण उजवीकडे वळवले की वीसचा गट जास्त वेळा येई, डावीकडे वळवले की जवळजवळ येईनाच.

आता कार्यशाळेची दोन्ही अपयशे उलगडली. त्यांनी इंजिन तापवले, मोजले, स्क्रू फिरवून दोन्ही बाजू बरोबर आणल्या आणि गाडी दिली. मोजताना उजवा थ्रॉटल अडकलेल्या अवस्थेत होता, म्हणून डावा बायपास पावणेतीन फेऱ्यांपर्यंत उघडून त्यांनी जी बरोबरी साधली ती त्या अवस्थेपुरतीच खरी होती. थ्रॉटल सुटला की तीच बरोबरी उलट्या बाजूचा असमतोल बनत होती. दोष त्यांच्या हाताचा नव्हता, तेच मोजमाप दुसऱ्यांदा न घेण्याचा होता. तासाच्या दराने काम करणाऱ्याला तेवढी उसंत क्वचित मिळते, हेही मान्य केले पाहिजे.

अडकण्याची जागा शोधायला इंजिन बंद केले. थ्रॉटलचा हात जिथे थांब्याच्या स्क्रूवर टेकतो तिथे ०.०५ मिलिमीटरची फीलर पट्टी घालून पाहिली. डावीकडे ती कधीच आत गेली नाही. उजवीकडे मूठ सोडल्यावर काही वेळा जाई, काही वेळा नाही. उजवी चकती काही वेळा पूर्ण मिटतच नव्हती, हे आता डोळ्यांनी दिसले. उजवी केबल थ्रॉटलवरून सोडवली आणि चकती नुसत्या स्प्रिंगवर वीस वेळा उघडझाप केली. प्रत्येक वेळी ती टक्कन थांब्यावर बसली. थ्रॉटल बॉडी निर्दोष ठरली आणि मित्राने जुन्या बाजारातली बोलणी थांबवली. उरली केबल.

बाहेरून दोन्ही टोके चांगली होती, आवरणाची टोपणे आपापल्या वाट्यांत नीट बसलेली होती. बॉक्सरच्या गाड्यांत आवरण वाटीतून थोडे वर येऊन बसल्याने असमतोल होणे नेहमीचेच, म्हणून ते आधी पाहिले. मग टाकी उचलली. जीएसची टाकी बावीस लिटरची असते, तेव्हा हे काम पेट्रोल तळाला असतानाच करावे. डबी उघडली, आणि उजव्या केबलच्या शिशाच्या गाठीलगत सात-आठ मिलिमीटर अंतरावर तारेचे दोन धागे तुटून कोंबडीच्या पिसासारखे बाहेर आलेले दिसले. केबल मागे जाताना यांपैकी एक धागा आवरणाच्या तोंडाशी अडे. हँडल उजवीकडे वळले की आवरणाचा बाक बदलून तो जास्त अडे. अर्नेस्ट बाउडेनने १८९६ मध्ये पेटंट घेतलेली ही आवरणातल्या तारेची युक्ती आजही तशीच वापरात आहे, आणि तिचा दोषही तोच आहे: तार तुटते ती गाठीपाशी, जिथे ती वाकते, आणि नेमकी ती जागा झाकलेली असते.

तुटलेले धागे कापून टाकून केबल पुन्हा वापरता आली असती. तशी ती आठवडाभर चाललीही असती. पण धागे तुटू लागलेली तार एक दिवस पूर्ण तुटते आणि त्या दिवशी गाडी एका सिलिंडरवर आठ-दहा किलोमीटर ओढत न्यावी लागते, म्हणून दोन्ही बाजूंच्या केबल नव्या मागवल्या. एकच बदलली असती तर एक ताणलेली आणि एक नवी अशी जोडी झाली असती.

पुढच्या शनिवारी केबल बसवून, वळणे कुठे दाबली जात नाहीत ना हे हँडल दोन्हीकडे फिरवून पाहून, पुन्हा इंजिन तापवले आणि पहिल्यांदा तीच दहा वेळांची परीक्षा घेतली. आकडे आले ६ ते ७ च्या दरम्यान, सगळेच. फरक होता, पण एकच होता, आणि आता कुठे स्क्रूला हात लावण्याची वेळ आली.

आयडलिंगचा समतोल आधी केला. दोन्ही केबलना थांब्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ढिलाई ठेवली, म्हणजे चकत्या केबलवर न लटकता आपापल्या थांब्यावर टेकतील. चोकचा खटका पूर्ण मिटलेला असल्याची खात्री केली. डावा स्तंभ वर होता, म्हणून डावा पितळी स्क्रू अष्टमांश फेरा उघडला, वीस सेकंद थांबलो, वाचले, पुन्हा थोडा उघडला. शेवटी डावा पावणेदोन आणि उजवा दीड फेऱ्यावर स्थिरावला, फरक अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आला आणि फेरे १,१०० वर बसले. इथे घाई करणारा स्वतःच्याच मागे धावत राहतो, कारण अरुंद केलेल्या नळीत तेल सावकाश सरकते.

मग केबलचा समतोल. मूठ पट्ट्याने बांधून इंजिन २,००० फेऱ्यांवर धरले. उजव्या थ्रॉटलवरच्या ॲडजस्टरचा लॉकनट सैल करून तो पाव-पाव फेरा फिरवत गेलो. डाव्या बाजूच्या ॲडजस्टरला हात लावला नाही: सेन्सर डावीकडे असल्याने डावी बाजू हा आपला मूळ संदर्भ आहे आणि उजवीने तिच्या मागे यायचे. लॉकनट घट्ट करताना ॲडजस्टर हमखास थोडा फिरतो, त्यामुळे घट्ट केल्यानंतरचे वाचनच खरे धरायचे. हे तीनदा करावे लागले. शेवटी २,००० वर फरक एक सेंटिमीटर आणि ३,५०० वर तीन सेंटिमीटर, म्हणजे अडीच मिलीबारच्या आसपास राहिला. संपूर्ण पट्ट्यात शून्य येणार नाही. दोन चकत्या आणि त्यांची भोके अगदी सारखी कापलेली नसतात, आणि मी जिथे गाडी जास्त वेळ चालते तो भाग नीट करून बाकीचा सोडून दिला. मग पुन्हा आयडलिंग पाहिले, हँडल दोन्ही टोकांना वळवून पाहिले आणि तीच दहा वेळांची परीक्षा तिसऱ्यांदा घेतली.

एक पद्धत मुद्दाम टाळली. एका बाजूची प्लगची वायर काढून दुसऱ्या बाजूवर इंजिन कसे चालते ते ऐकायचे, ही युक्ती जुन्या गाड्यांवर चालून जाते. इथे उघडी राहिलेली वायर इग्निशन कॉइलचे नुकसान करू शकते. लहानपणी कोल्हापुरात राजदूत ३५० चे दोन कार्ब्युरेटर जुळवणारे मिस्त्री पाहिले होते. ते एअर फिल्टर काढून एकेक बोट दोन्ही स्लाइडवर ठेवत आणि मूठ पिळताना दोन्ही बोटे एकाच क्षणी उचलली जातात का, एवढेच पाहत. त्यांच्या हाताला काय कळत होते हे मला पुष्कळ उशिरा समजले: तेही आकडा मोजत नव्हते, फरक मोजत होते.

सहाशे किलोमीटर झाल्यावर प्लग पुन्हा काढले. दोन्हींचा रंग सारखा, फिकट तपकिरी. ६० ते ८० च्या वेगातले धक्के जवळजवळ गेले. अगदी हलक्या मुठीवर किंचित जाणवतात, पण या पिढीच्या बॉक्सरमध्ये ती प्रवृत्ती थोडीफार असतेच. सिग्नलवर गाडी एकदाही बंद पडलेली नाही. आरसा आता साडेतीन हजार फेऱ्यांपर्यंत स्वच्छ दिसतो, आणि त्यापुढे जी थरथर राहते ती समतोलाने जाणारी नाही: दोन सिलिंडर नेमके समोरासमोर नसून एक दुसऱ्यापेक्षा किंचित पुढे असतो, त्यामुळे इंजिनाला जी पिळवटणारी गती मिळते तिच्यावर उपाय म्हणून संतुलन दांडा आला तो २००४ च्या आर १२०० जीएसमध्ये. मित्राला हे समजावून सांगितले, तरी त्याने दोन आठवड्यांनी फोन करून विचारलेच की अजून थोडा स्क्रू फिरवला तर तेही जाईल का.

फळी गॅरेजच्या भिंतीवर टांगली आहे. तिच्या मागच्या बाजूला खडूने तारीख, तेव्हाचे किलोमीटर, बायपासचे फेरे आणि १,१००, २,००० व ३,५०० वरची तिन्ही वाचने लिहिली आहेत. या गाडीची देखभाल दर १०,००० किलोमीटरला येते. ९२,००० ला व्हॉल्व्हचा गॅप पाहिल्यावर नळ्या पुन्हा जोडू, आणि त्याही वेळी सुरुवात दहा वेळा रेस देऊन सोडण्यानेच होईल.